तांबोळीबाईंचं ताश्कंद

ताश्कंदच्या जुन्या भागात, चोरसू बाजाराच्या मागच्या गल्लीत, झुहरा-ओपांच्या घरी बैठकीच्या भिंतीवर एक रोटी टांगलेली आहे. ताटाएवढी गोल, मधोमध ठशाची नक्षी, वरून तीळ. वाळून आता लाकडासारखी झाली असेल. तिच्या कडेचे दोन घास कमी आहेत. एक तांबोळीबाईंचा, दुसरा माझा.

ती रोटी तिथे कशी आली ते सांगायचं तर आधी बाई सांगाव्या लागतील. आणि बाई सांगायच्या तर एक गोष्ट कबूल करावी लागेल, जी मी घरीसुद्धा पुरती सांगितलेली नाही. मी बोलणारा माणूस नाही. ऑफिसात माझं बोलणं म्हणजे ‘हं’ आणि ‘बघू’. बाई म्हणायच्या, "सबनीस, तुमच्याकडून उत्तर काढण्यापेक्षा विहीर खणणं सोपं. निदान पाणी तरी लागतं."

कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं सहलींचं ऑफिस आहे. तिकिटं, व्हिसा, हॉटेलं मी बघतो, आणि कोणत्या सहलीबरोबर टूर मॅनेजर म्हणून कोणी जायचं तेही मीच ठरवतो. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, परदेशाचा अनुभव किती?

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "शाळेत भूगोल शिकवत होते. फळ्यावर जग काढून काढून खडू झिजवले. आता म्हटलं, एकदा जाऊन बघावं, बरोबर काढत होते का ते."

मी ‘बघू’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन कामावर हजर.

बुटक्या, अंगाने भरलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला पिन आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. इतर कंपन्यांचे लोक झेंडा घेऊन पुढे चालतात. बाईंच्या हातात काळी पुरुषी छत्री असायची. तिच्या टोकाला त्यांच्या आईच्या इरकली साडीचा पिवळा काठ बांधलेला. विमानतळावर, बाजारात, डोंगरावर, सगळीकडे तो पिवळा काठ डोक्यांच्या वर तरंगताना दिसायचा आणि माणसं निर्धास्त असायची. पर्समध्ये फुटाणे, सुईदोरा, सुंठ. बसमध्ये कोणी "चला ना लवकर" म्हटलं की शांतपणे सांगायच्या, "घाई असेल त्यांनी स्वारगेटला जावं. तिथे सगळ्यांनाच असते."

गंज पेठेत त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या गेल्या. तरी प्रत्येक सहलीत कोणीतरी आडनाव ऐकल्यावर मान वाकडी करून कौतुकाने विचारायचंच, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" बाई तितक्याच कौतुकाने उत्तर द्यायच्या, "सवय. तुम्हीही बरं बोलता."

ताश्कंद मी त्यांना दिलं ते त्यांच्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. बाकीच्यांना दुबई, सिंगापूर हवं होतं. ताश्कंदची सहल नवी होती, लोक कमी होते, कोणी घेईना. नव्या माणसाच्या गळ्यात घालावी म्हणून बाईंच्या गळ्यात घातली. त्या परत आल्या त्या माहेरपण करून आल्यासारख्या. चेहरा उजळलेला, हातात एक रोटी, आणि बोलणं थांबेना. त्यानंतर काउंटरवर कोणी विचारलं की "ताश्कंदमध्ये बघण्यासारखं काय आहे?" तर बाई आपल्या टेबलावरून उठून यायच्या.

"बघण्यासारखं पुष्कळ आहे. पण तुम्ही नुसतं बघणार की काही करणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे जमिनीखाली उतरायचं, बाजारात हरायचं आणि कोणाच्या तरी घरी बसून चहा प्यायचा. एवढं करणार असाल तर पैसे भरा. नुसतं बघायचं असेल तर मोबाईल आहेच की."

दोन वाक्यांत गिऱ्हाईक घालवायची ही पुणेरी पद्धत. मी आतून चरफडायचो. पण ते गिऱ्हाईक दोन दिवसांनी बायकोला घेऊन परत यायचं.

जमिनीखाली उतरायचं म्हणजे मेट्रोत. आपल्याकडे मेट्रो कुठून कुठे जाते हे विचारतात. ताश्कंदला बाई लोकांना कुठेही न जाण्यासाठी मेट्रोत न्यायच्या. तिथलं एकेक स्टेशन म्हणजे एकेक महाल. कुठे छताला झुंबरं, कुठे भिंतीभर कापसाच्या बोंडांची रंगीत नक्षी, कुठे संगमरवरी खांबांची रांग. गाडी आली की सगळ्यांना आत कोंबायचं, पुढच्या स्टेशनवर बाहेर काढायचं, बघून झालं की पुन्हा पुढच्या गाडीत. मी पहिल्यांदा बाईंबरोबर गेलो त्या सहलीत एक जोगकाका होते, बँकेतून निवृत्त झालेले. तिसऱ्या स्टेशनवर ते वैतागले.

"अहो बाई, आपण नक्की जातोय कुठे?"

"कुठेच नाही."

"मग हे चढणं-उतरणं कशासाठी?"

"काका, तुम्ही रोज सकाळी टेकडीवर जाता ना? वर कोण राहतं तुमचं?"

जोगकाका पुढच्या स्टेशनसाठी सगळ्यांच्या आधी गाडीत चढले. ते स्टेशन बाईंच्या सगळ्यात आवडीचं, अंतराळवीरांचं. भिंतींचा निळा रंग फिका, मग गडद, मग जवळजवळ काळा होत जातो आणि त्यात अंतराळवीरांचे चेहरे तरंगत असतात. जमिनीच्या इतकं खाली येऊन यांनी आकाश काढलं, याचं बाईंना कोण कौतुक! "फोटो नंतर," त्या ओरडायच्या. "आधी डोळे!"

मग बाजार. चोरसूचा घुमट म्हणजे शहराच्या डोक्यावर पालथी घातलेली निळी वाटी. तिच्या सावलीत मसाले, सुकामेवा, खारवलेल्या दह्याच्या पांढऱ्या गोळ्या, आणि बाजूला भट्ट्यांतून निघणाऱ्या रोट्या. बाई आत शिरण्याआधी सगळ्यांना थांबवून सांगायच्या, "इथे बाजाराला बाजार म्हणतात, दुकानाला दुकान आणि मेव्याला मेवा. तेव्हा भाषेचा बाऊ करू नका. आणि एक करा, आज हरा. घासाघीस जरूर करा, पण शेवटी त्यांना जिंकू द्या. ते लोक वर मूठभर जर्दाळू घालतात."

पुण्याच्या माणसाला बाजारात हर म्हणणं म्हणजे काय ते पुणेकरालाच कळेल. जोगकाकू एका अक्रोडवालीशी खुणांनी, हातवाऱ्यांनी, शेवटी चक्क मराठीत भांडल्या, "अहो, मंडईत याच्यापेक्षा मोठे मिळतात!" अक्रोडवाली तिच्या भाषेत तितक्याच जोरात. शेवटी काकूंनी बाईंकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि हरल्या. त्या बाईने काकूंचे गाल ओढले आणि जर्दाळू तर घातलेच, वर डाळिंबही दिलं. रात्री जेवताना काकू सगळ्यांना सांगत होत्या, "मी हरले बरं का!" इतक्या अभिमानाने मी कोणाला हरताना ऐकलेलं नाही.

भूकंपाच्या स्मारकाशी मात्र बाई फार बोलायच्या नाहीत. एक काळा दगडी ठोकळा आहे, मधोमध दुभंगलेला. त्याच्यावर भूकंपाच्या क्षणाचं घड्याळ कोरलेलं. भेग तिथून जमिनीवरून निघते आणि मुलाला सावरणाऱ्या बाईच्या आणि तिच्या पुढे हात करून उभ्या राहिलेल्या पुरुषाच्या पुतळ्यांपर्यंत जाते. बाई एवढंच म्हणायच्या, "आपलं पानशेत, तसं यांचं हे. इथे शहर पुन्हा बांधलं, म्हणून रस्ते इतके रुंद." त्या दिवशी जोगकाका बसमध्ये परत येईनात. बघायला गेलो तर ते गुडघे दुखत असताना खाली बसून त्या भेगेवर तळवा ठेवून होते. पानशेतच्या पुरात त्यांच्या वडिलांचं दुकान गेलं होतं. बाई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. बऱ्याच वेळाने काका उठले आणि म्हणाले, "चला. यांचे रस्ते खरंच रुंद आहेत."

आता झुहरा-ओपा. ओपा म्हणजे ताई. बाईंच्या पहिल्याच सहलीत बाजारात त्यांची ओळख झाली आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना ती वाढली. तेव्हापासून दर सहलीला आमची माणसं त्यांच्या अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली, रुंद लाकडी बाजेवर मांडी घालून चहा प्यायची. ओपांची नात इंग्रजीत सांगायची, बाई मराठीत.

चहा आला तो बिनकानाच्या पियाल्यात, आणि निम्मासुद्धा नाही. जोगकाकांनी पियाल्यात डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे हेही पुणेकरच."

"काका, इथे थोडा चहा देणं म्हणजे मान देणं," बाई म्हणाल्या. "थोडा ओतायचा म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. पाहुणा बसून राहतो. पियाला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा."

हे सांगून होईतो उशीर झाला होता. जोगकाकू बाजेच्या दुसऱ्या टोकाला होत्या, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. यजमानीण बिचारी सगळ्यांना वाढतेय, तिला कोणी वाढत नाही, हे त्यांच्या संसारी मनाला बघवेना. त्यांनी किटली उचलली आणि ओपांचा पियाला प्रेमाने, अगदी सांडेस्तोवर भरला. ओपांनी पियाल्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग उठल्या, डोक्याचा रुमाल सारखा केला, दारापर्यंत गेल्या आणि वळून काहीतरी म्हणाल्या. नातीला हसू आवरेना. ओपा विचारत होत्या, "जाते, पण माझ्याच घरातून जाऊन मी झोपू कुठे?"

त्या हसण्यातच काकूंचं लक्ष उघड्या दारातून आत, भिंतीवरच्या रोटीकडे गेलं.

"अहो बाई, ते उष्टं यांनी भिंतीवर का टांगलंय?"

त्या रोटीचा एक घास चावलेला होता. तो बाईंचा होता, आदल्या वर्षीचा. घरातलं माणूस दूर निघालं की तिथे त्याला एका रोटीचा घास चावायला लावतात आणि उरलेली जपून ठेवतात. त्याने परत यायचं आणि ती संपवायची. म्हणजे येणं भागच. ओपांनी पहिल्याच भेटीत बाईंसमोर रोटी धरली होती. तेव्हापासून दर वर्षी बाई जायच्या, जुनी रोटी चहात बुडवून वाटून खायच्या आणि निघताना नवीन चावून यायच्या. त्यामुळे ताश्कंदमध्ये बाईंची एक रोटी कायम असायची.

बाईंनी हे सगळं समजावलं तरी काकूंचं नाक आक्रसलेलंच. "तरी पण... उष्टंच ना ते?"

"काकू, तुमचा मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा घाईत काही अर्धं टाकून गेला असेल की."

"बेसनाचा लाडू," काकू म्हणाल्या. आवाज बदलला होता. "अर्धा. टॅक्सी आली ना."

"मग? टाकलात?"

"नाही. फ्रिजमध्ये ठेवला होता. बरेच दिवस."

"यांच्याकडे भिंत आहे," बाई म्हणाल्या.

जोगकाकूंनी मग ती वाळकी रोटी चहात बुडवून खाल्ली. मी सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात वाढलो. कोणाच्या बाटलीला मी आजही तोंड लावत नाही. मी माझा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. बाईंनी ते पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत. न म्हणणं त्यांना क्वचितच जमायचं, म्हणून लक्षात राहिलं.

ही रीत त्यांनी आमच्या ऑफिसातही आणली. आधी पावावर प्रयोग झाला. सहलीला निघालेल्या सहकाऱ्याने चावलेला पाव कपाटावर ठेवला. तो परत आला तेव्हा पावावर हिरवं रान उगवलेलं होतं. "पुण्याची हवा," बाई म्हणाल्या, पण माघार घेतली नाही. त्यांच्या आईचं माहेर बार्शीकडचं. तिकडची ज्वारीची कडक भाकरी महिनोन्महिने टिकते. तेव्हापासून आमच्या ऑफिसात पाण्याच्या पिंपाच्या वर एक दोरी आहे आणि तिच्यावर चिमट्याने लटकवलेल्या, कोपरे कुरतडलेल्या भाकऱ्या. नवीन गिऱ्हाईक वर बघायचं आणि माझ्याकडे बघायचं. मी ‘हं’ म्हणायचो.

आता ती कबुलीची गोष्ट सांगतो.

बाईंना जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाचं दुखणं निघालं. त्यांचा मुलगा इम्रान, खराडीला नोकरी करतो, एकदा ऑफिस सुटल्यावर तसाच हेल्मेट हातात घेऊन माझ्याकडे आला. बसलाही नाही.

"अंकल, अम्मीला ताश्कंदला पाठवू नका, प्लीज. डॉक्टरनी क्लिअर सांगितलंय, लाँग ट्रॅव्हल नको. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही लिस्टमधून नाव काढलं की विषय संपला."

"नाही पाठवणार," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "यंदा ताश्कंद दुसऱ्या कोणाला देतोय."

मला वाटलं, उसळतील. त्या भाकऱ्यांच्या दोरीकडे बघत म्हणाल्या, "सबनीस, माझी रोटी आहे तिथे."

एवढंच. युक्तिवाद नाही, विनवणी नाही. शिक्षिका म्हणून, आई म्हणून, विधवा म्हणून त्या बाईने आयुष्यभर जे वाट्याला आलं ते नीट केलं होतं. पण स्वतःची म्हणून त्यांनी जगात एकच जागा कमावली होती, आणि तिथे एका भिंतीवर त्यांची वाट पाहिली जात होती. ते तोडायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी सहलीच्या यादीवर त्यांचं नाव तसंच ठेवलं. त्याच्याखाली माझं घातलं.

इम्रानने मधे फोन केला तेव्हा मी सांगितलं, अम्मी फक्त मंडळींना विमानतळावर सोडायला येणार आहेत. हे मी सरळ, न अडखळता बोललो. माझ्यासारखा कमी बोलणारा माणूस खोटं बोलला की ते लगेच खरं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. विमानात बसल्यावर बाईंनी त्याला स्वतः फोन करून सांगितलं. मग माझा फोन वाजला. इम्रानच होता. मी उचलला नाही. फोन बंद केला.

त्या सहलीत बाईंनी काही म्हणजे काही सोडलं नाही. बाजारात लोकांना हरायला लावलं, स्मारकाशी गप्प राहिल्या, मेट्रोत सगळ्यांना चढवलं-उतरवलं. अंतराळवीरांच्या स्टेशनवर मात्र त्या बाकावर बसल्या. मंडळींना म्हणाल्या, "तुम्ही पुढचं स्टेशन बघून या, मी तोवर चंद्रावर बसते." त्यांचे ओठ पांढरे पडलेले मी पाहिले. मी शेजारी उभा.

"घाबरलात?"

"हं."

"मग बसा. उभं राहून घाबरल्याने जास्त दमायला होतं."

मी बसलो. गाड्या येत होत्या, जात होत्या.

"मी इथे पडले तर इम्रानला काय सांगाल?"

"पडू नका," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. "बरं," म्हणाल्या. "एवढं लांब वाक्य बोललात, तर तुमचा मान ठेवते." आणि छत्री टेकून उठल्या. तो पिवळा काठ पुन्हा माणसांच्या वर गेला. त्या निळ्या भिंतीसमोर ती बुटकी बाई हात उंच करून आमची माणसं मोजत उभी होती, आणि मला वाटलं, हिला कोणी इथून घरी नेऊन आरामखुर्चीत बसवलं तर ते पाप होईल. मी जे केलं होतं तेही पाप असेल. पण लहान.

ओपांच्या अंगणात बाईंनी आदल्या वर्षीची रोटी चहात बुडवून खाल्ली, सगळ्यांना दिली. या वेळी मीही खाल्ली. निघताना ओपांनी नवी रोटी दोन्ही हातांनी पुढे केली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं, ओपांनाही माहीत होतं. मग त्यांनी घास चावला, सावकाश चघळला आणि रोटी माझ्यासमोर धरली.

"चावा."

"बाई, ही तुमची..."

"तिथेच चावा. माझ्या शेजारी. उष्टं आहे, माहितीये मला."

मी घास चावला. ओपांनी रोटी घेतली, दोन घासांवरून अंगठा फिरवला आणि नातीला काहीतरी म्हणाल्या. नातीने सांगितलं, "आजी म्हणते, आता दोघांपैकी एकाला तरी यावंच लागेल."

पावसाळा संपता संपता बाई गेल्या. घरीच, झोपेत. तो प्रवास केला नसता तर अजून जगल्या असत्या का, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मध्यंतरीच्या काळात मी त्यांना फोन करायचो, भेटायला मात्र गेलो नाही. गंज पेठ काही लांब नाही. इम्रान दार उघडेल या भीतीने गेलो नाही. दफनाला गेलो तेव्हा तो माझ्याकडे न बघता निघून गेला. ते बरोबर होतं.

गेल्या आठवड्यात तो ऑफिसात आला. अम्मीची छत्री इथे राहिली आहे का, विचारत. होती. पुढच्या सहलीला लागेल म्हणून आजारपणात बाईंनीच ती कोणाबरोबर तरी ऑफिसात पाठवली होती. मी ती त्याच्या हातात दिली आणि मग, बाईंनी पाहिलं असतं तर खुर्चीतून पडल्या असत्या इतकं, बोललो. म्हणालो, मला सगळं माहीत होतं. तुला शब्द दिला आणि मोडला. फोनवर खोटं बोललो. त्याबद्दल तुझी माफी मागतो. पण त्यांना नेलं याबद्दल मागत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन, फक्त तुला तोंडावर सांगून नेईन.

त्याने दोरीवरच्या भाकऱ्यांकडे पाहिलं.

"अंकल, ती रोटी... अजून आहे तिथे?"

"आहे. दोन घास कमी."

"मग उरलेली कोण खाणार?"

"माझी मी खाईन. त्यांची..."

"त्यांची मी खातो," तो म्हणाला. मग छत्रीचा पिवळा काठ बोटाला गुंडाळत, "नेक्स्ट मंथची ग्रुप टूर आहे ना? मला विंडो नको. अम्मी म्हणायची, विंडोवाले नुसतं बघतात."

तो जाताना मी त्याच्यासमोर कडक भाकरी धरली. घास चावण्याचा तो कटकन आवाज बाहेरच्या काउंटरपर्यंत गेला असेल. आता ती दोरीवर आहे, माझ्या भाकरीच्या शेजारी.

बाईंचं मला झालेलं शेवटचं दर्शन म्हणजे त्या परतीच्या दिवशीचं, लोहगाव विमानतळाबाहेरचं. व्हीलचेअर आणली होती, तिच्यावर त्यांनी आपली बॅग बसवली आणि स्वतः शेजारून चालत आल्या. एका हातात चोरसूच्या बाजारातली अख्खी रोटी, छातीशी धरलेली. इम्रान गाडीजवळ उभा होता, दगडासारखा. त्याने बॅग घेतली, रोटी घेतली, काखेत मारली. बाई थांबल्या. म्हणाल्या, "अरे, उलटी धरू नये. अन्न आहे." त्याच्या काखेतून रोटी काढून त्यांनी सुलटी केली, त्याचे दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यांवर ठेवली. तो तसाच उभा, ओंजळीत रोटी घेऊन, रागावलेला आणि रडवेला.

मग त्या गाडीत बसल्या. गाडी हलली तशी काच खाली आली आणि छत्री बाहेर आली. पिवळा काठ वर, हवेत. सामानाच्या गाड्या ढकलत पांगलेल्या आमच्या मंडळींवरून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरला. बाई मोजत होत्या. माझ्यापाशी क्षणभर थांबला, पुढे गेला. मोजणी पुरी भरली असावी. छत्री आत गेली, काच वर झाली.